साखी नऊ

“आकडा एकला जास नही मास्तर, त्यानासंगे साखी लागस,” असं रूपलीबाई एकदा म्हणाली होती. चुनीलाल तारमास्तर तेव्हा हसला. आकड्याला साखी, म्हणजे साक्षीदार, जोडून पाठवायची युक्ती पाण्याच्या खात्यातल्या साहेबांनी काढलेली. ती वडघाटच्या तारघरात बसून दिवसातून तीनदा वापरायची चुनीलालनं. आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली, अक्षराला बोट न लावलेली ही बाई तीच युक्ती त्याला उलट समजावून सांगत होती. हसू आलं तर त्यात त्याचा दोष नव्हता. पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. काही वाक्यं पाहुण्यासारखी येतात आणि घरच्यासारखी राहून जातात.

वडघाट तापीच्या उत्तर काठावर होतं. गावात गुजरांची घरं जास्त. काळ्या मातीत त्यांचा कापूस, आणि पाण्याजवळच्या पट्ट्यात केळी. चुनीलालही त्याच समाजातला, लोणखेड्याचा. घरी बैल होते, शेत होतं, पण त्याचं मन तारेवर बसलं. लहानपणी रस्त्याकडेच्या तारेच्या खांबाला कान लावला की आत काहीतरी गुणगुणायचं. ते वारं असतं हे त्याला पुढं कळलं, तरी गुणगुण त्याच्यापुरती खरीच राहिली. पंचविसाव्या वर्षी त्याला वडघाटचं तारघर मिळालं. एक खोली, एक टेबल, एक बाक, पितळी कळ, आणि खिडकीतून दिसणारी नदी. उन्हाळ्यात नदी कुठंतरी लांब, चांदीच्या तारेएवढी. श्रावणात तीच खिडकीच्या चौकटीत मावत नसे.

नदीच्या उतारावर खात्यानं आठ खांब पुरले होते. एकाहून एक उंचावर, पायऱ्या चढल्यासारखे. प्रत्येक खांब दहा फुटांचा, प्रत्येक फुटाला काळा पट्टा. पावसाळ्यात सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता पाणी कुठवर आलंय ते बघायचं, आकडा तारघरात सांगायचा आणि तारमास्तरनं तो खाली पुराच्या कचेरीला पाठवायचा. हे बघण्याचं काम आधी गोवालकडं होतं. गोवाल आणि रूपली धडगावच्याही पलीकडच्या डोंगरातून कापूस वेचायला खाली आले होते. दरवर्षी माणसं यायची आणि होळीआधी परतायची. हे दोघं एका वर्षी परतले नाहीत. गोवालला पोहता येत होतं, खात्याच्या ओव्हरसियरनं त्याला धरलं, आकडे शिकवले आणि खांबांची राखण दिली.

दुसऱ्याच पावसाळ्यात गोवाल काविळीनं गेला. ही बातमी चुनीलालला कशी कळली, ते तो नंतर कितीदा आठवत बसायचा. सकाळी आठ वाजून गेले, गोवाल आला नाही. मग दारात एक उंच, काटक बाई उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, गळ्यात चांदीची जड साखळी, हातात काठी. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “गोवाल नही शे आते. पाणी एक कोडी आठ. साखी एक.”

चुनीलालला आधी आकडाच ऐकू आला. हे त्याला पुढं फार लागलं. त्यानं एक कोडी म्हणजे वीस धरले, आठ मिळवले, २८ लिहिलं, साखी तपासली, कळेवर बोट ठेवलं आणि तार गेल्यावर मान वर केली. तेव्हा कुठं ‘गोवाल नही शे’ हे शब्द त्याच्यापर्यंत पोचले. बाई तोवर निघून गेली होती.

साहेबांना कळवलं. साहेबांनी उत्तर धाडलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत बाईनंच बघावं. त्या ‘मिळेपर्यंत’ला पाच पावसाळे झाले. हजेरीच्या वहीत गोवालचंच नाव राहिलं आणि पुढं रूपलीचा अंगठा. कागदावर एक मेलेला माणूस रोज तीनदा नदीपर्यंत जाऊन येत होता. चुनीलालला हे कधी भयाण वाटायचं, कधी ठीकच वाटायचं. नदीला तरी कुठं माहीत होतं आपल्याकडं कोण बघतंय.

साखीची गोष्ट अशी. तारेत आकडा बिघडतो. कधी वाऱ्यानं, कधी पावसानं, कधी पलीकडं बसलेल्याच्या डुलकीनं. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं, आकड्यातले अंक एकमेकांत मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत मिळवायचे, आणि तो अंक आकड्यापाठोपाठ पाठवायचा. अठ्ठावीस असतील तर दोन आणि आठ दहा, एक आणि शून्य एक. साखी एक. खाली कचेरीत तीच बेरीज पुन्हा करायची. जुळली तर आकडा वाटेत धड राहिला. नाही जुळली तर पुन्हा मागवायचा. आणि साखी काढायची ती नदीवर, पाणी बघणाऱ्यानंच, म्हणजे तारघरापर्यंतच्या वाटेचीही राखण होते.

आता रूपलीला अंकच येत नव्हते, तर ती मिळवणार काय? तिनं तिचा रस्ता काढला. दोन खांब बुडाले की एक कोडी, हे तिला पक्कं. वरचे फूट बोटांवर. जेवढा आकडा तेवढे खडे ती कमरेच्या थैलीतून काढायची, ओल्या रेतीवर मांडायची आणि नऊ-नऊचे ढीग करून बाजूला सारायची. साखी नवाच्या वर कधी जात नाही एवढंच तिला गोवालनं सांगितलेलं. म्हणून नऊ. शेवटी हातात जेवढे खडे उरतील ती साखी. काहीच उरलं नाही, हात मोकळा राहिला, तर साखी नऊ. चुनीलालनं पहिल्या महिन्यात रोज तिची साखी आपल्या बेरजेशी ताडून बघितली. एकदाही चुकली नाही. अंकांच्या बेरजेचा आणि खड्यांच्या ढिगाऱ्यांचा काय संबंध, ते त्याला कळेना. दोन माणसं दोन निरनिराळ्या वाटांनी चालत निघावीत आणि रोज एकाच झाडाखाली भेटावीत, तसं काहीतरी ते होतं. तो खिडकीत बसून त्या झाडाचा विचार करायचा.

रूपलीला मात्र त्यात नवल वाटत नव्हतं. तिच्या पाड्यावर निरोप धाडायची रीत अशीच होती. निरोप नेणाऱ्याच्या हातात दोरी द्यायची, जेवढ्या गोष्टी सांगायच्या तेवढ्या गाठी मारायच्या. ऐकणाऱ्यानं एकेक गोष्ट ऐकत एकेक गाठ सोडायची. निरोप संपला आणि गाठ उरली, तर निरोप्या काहीतरी विसरला. गाठी संपल्या आणि निरोप चालूच राहिला, तर त्यानं पदरचं घातलं. गोवाल गेल्याचं तिनं आपल्या आईला, भुरीबाईला, असंच कळवलं होतं. म्हसावदच्या बाजारला आलेल्या एका माणसाकडं तिनं तीन गाठींची दोरी दिली. गोवाल गेला. मी इथंच राहते. कोणी न्यायला येऊ नये. चुनीलालला हे कळलं तेव्हा त्यानं तारेच्या कागदाचा वरचा कोपरा तिला दाखवला. तिथं शब्दांची संख्या लिहिलेली असते, पलीकडचा मोजून घेतो. रूपलीनं कोपऱ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. एखाद्या परक्या गावात आपल्या भावकीतलं माणूस भेटावं तशी.

गावात तिला पाणीवाली म्हणत. कापूस वेचणाऱ्या बायकांत तिची गणना होत नसे आणि गुजरांच्या बायकांत तर नाहीच. पण ती चढण चढून तारघराकडं येताना दिसली की ओट्यावरची माणसं बोलणं थांबवून विचारायची, बाई, किती शे? ती न थांबता सांगायची, कोडी आणि वरचे, आणि मग साखी. साखी कशाला सांगते आम्हाला, असं रूपचंद पाटील म्हणायचा. ती तरी सांगायची. त्या अंकाशिवाय आकडा तिला उघडाच वाटत असावा.

सत्तावन्न सालच्या आषाढात पाऊस कमी झाला. नदी पहिल्या दोन खांबांशीच घोटाळत होती. दुपारी रूपली यायची, आकडा सांगायची आणि उंबऱ्यावर जरा टेकायची. चुनीलालला वाटलं, हिला आपली मोजणी शिकवावी. कोडीबिडी किती दिवस चालणार? एखाद दिवशी साहेब येतील, हिचं बोलणं ऐकतील आणि अडाणी म्हणून काढून टाकतील. त्याच्या मनात तिच्याबद्दल कणव होती, आणि कणवेत असतो तेवढा थोडा मोठेपणाही होता. त्यानं एकवीसपासून सुरुवात केली.

रूपलीनं ते शब्द लग्नघरातल्या सोयऱ्यांची नावं पाठ करावीत तसे पाठ केले. एकोणतीसवर ती अडली. म्हणाली, “तीस व्हवाले एक कमी शे, हाई तर तीसनं नाव शे. एकोणतीसले सोतानं नाव नही का?” मग ती आपली मोजणी समजावू लागली, की तिच्यात मोठं आधी येतं आणि धाकटं मागून. आधी कोड्या, मग वरचे. तुमच्यात धाकटंच पुढं धावतं. चुनीलालनं कधी लक्षच दिलं नव्हतं. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस मागून. बत्तीस म्हणताना दोन आधी. तो म्हणाला, असू दे, बोलायची रीत आहे ती. ते पन्नासपर्यंत आले आणि श्रावण लागला. वरच्या अंगाला पाऊस झाला, नदी तिसऱ्या खांबावर चढली आणि शिकवणी तिथंच राहिली.

तरी रूपली आकडा कोडीतच सांगत राहिली. नवे शब्द तिनं नव्या लुगड्यासारखे घडी घालून ठेवले होते.

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी एक कोडी अकरा, साखी चार, अशी तार गेली. मंगळवारी सकाळी आठ वाजता रूपली आली. पाणी चढलं होतं. काठावर फेस, वाहत आलेली लाकडं, आणि सगळ्या हवेला गढूळ मातीचा एक मंद, झोपेसारखा वास. चुनीलालनं पेन्सील उचलली. रूपली उंबऱ्यावर उभी राहिली. तिचा चेहरा काहीसा वेगळा होता, लाजल्यासारखा. सबंध चढण, ओट्यावरही कोणाला आकडा न सांगता, ती एकच शब्द घोळवत आली होती आणि आता तो सांडू न देता तिला इथं ठेवायचा होता.

“छ,” ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. “त्तीस.”

मग नेहमीच्या आवाजात, साखी नऊ.

चुनीलालला इतका आनंद झाला की त्यानं तिची पाठ थोपटायचीच बाकी ठेवली. शाब्बास म्हणाला. कागदावर आकडा लिहिलेला होता, शेजारी नऊ लिहिला, मनातल्या मनात बेरीज केली, जुळली. तार गेली. पलीकडून पोच आली. साखी बरोबर.

खालच्या तीन गावांत अकरा वाजता दवंडी पिटली. आकडा त्रेसष्ट होता. एवढं पाणी कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी ऐकलेलं होतं फक्त. माणसं उठली. धान्याची पोती, पाळणे, कोंबड्यांच्या डालग्या, देवघरातले टाक, जे हाताला लागलं ते घेऊन देवीच्या टेकडीवर चढली. आणि मग तिथं बसून राहिली. दिवसभर. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. वरून त्यांना स्वतःची गावं दिसत होती, रिकामी, दारं उघडी टाकलेली. एक वासरू गल्लीतून हिंडत होतं, या दारात डोकावत होतं, त्या दारात डोकावत होतं, जणू गाव आता त्याच्या नावावर झालं होतं. कोणी म्हणालं, आपण मेल्यावर असंच दिसत असेल. कोणी हसलं नाही. सगळे नदीकडं बघत होते आणि नदी, मोठी, पिवळी, आपल्या जागी, कुठंही न चढता, वाहत होती.

दुपारी दोनला रूपलीनं आकडा आणला. वाटेत कोणीतरी काहीबाही विचारलं होतं, त्या गडबडीत नवा शब्द सुचला नाही. एक कोडी चवदा, साखी सात. चुनीलालनं ३४ लिहिलं आणि त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. सकाळी त्रेसष्ट. सहा तासांत एकोणतीस फूट उतार. तापी अशी उतरत नाही. बाईची नजर चुकली, असं त्याला वाटलं. तिचा सकाळचा शब्द आनंदाच्या भरात त्याच्या लक्षात राहिला नव्हता, दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. ६३ त्याच्याच अक्षरात समोर होतं. साखी जुळत होती. कागद खोटं कशाला बोलेल?

संध्याकाळी माणसं टेकडीवरून उतरली. बुधवारी रूपचंद पाटलाची सासुरवाडीची माणसं वडघाटला आली, तीही टेकडीवर बसलेलीच होती. ओट्यावर चांगली करमणूक झाली. रूपली चढणीवर दिसताच त्यांच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, “काय वं रूपली, तुन्ही नदी वाटमा कोठे बठी गयी का? आम्ही तिन्ही वाट देखी देखी थकी गऊत.” रूपलीला काही समजलं नाही. ती पुढं गेली आणि हसणं तिच्यामागून तारघरापर्यंत आलं. चुनीलालनं तिला थोडक्यात सांगितलं, मंगळवारी सकाळचा आकडा चुकला, लोकांना घरं सोडावी लागली. ती म्हणाली, चुकला नाही. त्यानं फक्त कागदांकडं पाहिलं, आणि तिनं त्याला कागदांकडं बघताना पाहिलं.

शुक्रवारी साहेब आले. आधी नदीवर गेले, खांबांवरची गाळाची रेघ बघितली. ती चौथ्या खांबावर, सहाव्या पट्ट्याशी होती. त्याच्या वरचे सगळे खांब कोरडे, पांढरे. मग तारघरात येऊन बाकावर बसले. रूपचंद पाटील आणि त्याचा चौथी शिकलेला भाचा दगा दारापाशी उभे राहिले. रूपली भिंतीला टेकून होती. साहेब रागीट नव्हते. चष्मा पुसत पुसत बोलायचे.

त्यांनी मंगळवारचा कागद मागवला, आपल्याबरोबर आणलेला खालच्या कचेरीतला कागद शेजारी ठेवला. दोन्हीकडं त्रेसष्ट. दोन्हीकडं नऊ. ते म्हणाले, तारेत काही बिघडलेलं नाही, हे तर उघड आहे. साखी बाईनंच नदीवर काढलेली, तीही जुळते. याचा अर्थ आकडा जसा निघाला तसाच पोचला. चूक तार सुरू होण्याच्या आधीची आहे. मग ते चुनीलालकडं बघून जरा समाधानानं म्हणाले, “साखीचा हाच तर उपयोग आहे, मास्तर. दोष कुठं नाही ते ती सांगते.”

चुनीलालनं मान हलवली. त्याची नोकरी त्या सालअखेर कायम व्हायची होती.

“राग नाही माझा बाईंवर,” साहेब पुढं म्हणाले. “पण मंगळवारी तीन गावं उगाच टेकडीवर बसली. उद्या खरा पूर आला आणि कोणी उठलंच नाही तर? वाचणारा बदलावा लागेल.” त्यांनी दगाकडं पाहिलं. दगानं टोपी नीट केली.

रूपली सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. तिला बदलणार एवढं समजलं होतं. खांब, चढण, तीन वेळा उतरणं, तीन वेळा चढणं, ओट्यावर आकडा सांगत पुढं जाणं, हे तिच्याकडून जाणार. मग या गावात ती काय उरणार? कापूस वेचायला आलेली आणि परत जायची राहून गेलेली एक बाई. तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

साहेबांनी तिला विचारलं, अगदी हळू, शाळेतल्या मुलीला विचारावं तसं. “बाई, मंगळवारी सकाळी तू त्रेसष्ट सांगितलंस ना?”

रूपली चुनीलालकडं वळली. कोणी परक्यानं बोललेलं समजलं नाही की ती नेहमी त्याच्याकडंच वळायची.

“त्रेसष्ट म्हंजे कितला, मास्तर?”

दगा फसकन हसला. पाटलानं हात झाडले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बघा, असं त्यांना म्हणायचं असावं, बघा, आकडा काय तेही ठाऊक नाही, आणि आपण हिच्या हाती नदी दिलेली.

चुनीलालला मात्र काही ऐकू येईनासं झालं. खोली लांब गेली. त्यानं तिला पन्नासपर्यंत शिकवलं होतं. पन्नासाच्या पुढं एकही शब्द तिच्याकडं नव्हता. तिच्या बोलीत तो आकडा तीन कोडी तीन असा होता, आणि ते तर ती बोललीच नव्हती. मग जो शब्द तिच्याकडं नव्हताच, तो तिनं मंगळवारी सकाळी या उंबऱ्यावर कुठून आणला?

त्याला तिचा आवाज ऐकू आला. छ. मग श्वास. मग त्तीस. पाच वर्षं तो तिच्या तोंडाकडं बघत लिहीत आला होता. ती कोडी म्हणायची, तो मोठं मनात धरायचा. ती वरचे सांगायची, तो ते मिळवून आधी मोठा अंक मांडायचा, मग धाकटा. जसं ती बोलायची तसं डावीकडून उजवीकडं. त्या दिवशी ती त्याच्या बोलीत बोलली. छ म्हणाली, आणि पेन्सिलीनं सहा मांडला. तीस म्हणाली, आणि तीन मांडला. ती धाकट्याला पुढं घेऊन आली, कारण त्यानंच तसं शिकवलं होतं, आणि हात मात्र तिच्या जुन्या चालीनं चालत राहिला.

आणि साखी? त्यानं टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोटानं तीन काढला, सहा काढला. तीन आणि सहा नऊ. सहा आणि तीन नऊ. छत्तीस खडे मांडले तर नवाचे चार ढीग, त्रेसष्ट मांडले तर सात. दोन्ही वेळा हात मोकळाच. साक्षीदार आला होता, त्यानं दोघांना पाहिलं होतं, पण पुढं कोण होतं आणि मागं कोण, हे त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. छत्तीसचा आकडा म्हणतात लोक, एकमेकांकडं पाठ करून बसलेले ते दोघं. नुसत्या जागा बदलल्या की तेच समोरासमोर येतात. साखीला दोन्ही सारखंच.

बाहेर केळीच्या पानांवर वारा चालला होता, ओल्या कापडासारखा आवाज. त्याला वाटलं, गप्प बसलो तरी चालेल. कागद आपल्या बाजूनं आहे, साखी आपल्या बाजूनं आहे, साहेबही आपल्या बाजूनं आहेत. सगळं जुळतंय. जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे की ती छत्तीस म्हणाली होती, आणि आता दुसऱ्याला कळलं. दुसऱ्यानं काही केलं नाही तर ते पुन्हा एकाच माणसाजवळ राहील. ते किती सोपं होतं, याचीच त्याला भीती वाटली.

साहेब दगाला नाव विचारत होते. पेनाचं टोपण काढून झालं होतं.

“साहेब,” चुनीलाल म्हणाला, “बाईनं छत्तीसच सांगितलं. मी उलटं लिहिलं.”

साहेबांनी पेन धरून ठेवलं. ते म्हणाले, असं कसं होईल, साखी जुळलेली आहे. चुनीलाल उठला, त्यांच्यासमोर कागदावर ३६ आणि ६३ शेजारी शेजारी लिहिले आणि बाजूला सरकला. साहेब त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. नदीवर अशी अकरा ठिकाणं होती आणि अकरा ठिकाणी त्यांची साखी चालत होती. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, बेरीज पुन्हा पुन्हा करत असावेत. मग त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम थकलेल्या, साध्या माणसाचा झाला.

“तुमच्या नावावर लिहावं लागेल हे,” ते म्हणाले.

“लिहा.”

“कायम व्हायला आणखी वर्ष जाईल. कदाचित दोन.”

चुनीलालनं मान हलवली. साहेबांनी चार ओळी लिहिल्या, सही केली. दगाला जायला सांगितलं. पाटील त्याच्यामागून काहीतरी पुटपुटत गेला. मग साहेब रूपलीकडं वळले आणि म्हणाले, की काम तिच्याकडंच राहील, आणि इथून पुढं तिनं आकडा तिच्याच रीतीनं सांगावा, कोडीत. कोणाचंही ऐकून बदलू नये. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी तारमास्तरकडं पाहिलं नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

रूपलीला कितपत समजलं, चुनीलालला सांगता आलं नसतं. म्हणून तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या बोलीत म्हणाला, “बाई, चूक मन्ही शे. तू बरोबर सांगेल व्हतं.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. आधी चेहऱ्याकडं, मग त्याच्या उजव्या हाताकडं, बोटांना लागलेल्या शाईकडं आणि पेन्सिलीच्या काळ्या डागाकडं. बराच वेळ. त्या नजरेत राग होता का, ते त्याला शोधून सापडलं नाही. माफी होती का, तेही सापडलं नाही. बुधवारी तिनं चुकला नाही म्हटलं होतं आणि त्यानं कागदांकडं पाहिलं होतं. ती आता बहुधा तेच बघत होती. त्याला वाटलं, ती काहीतरी बोलेल. एखादा शब्द, शिवी चालेल, कोडीतला एखादा आकडा चालेल. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती.

रूपलीनं पदर खोचला, काठी उचलली आणि ती बाहेर पडून नदीच्या उताराला लागली.